त्र्यंबकहून निघावं की आळंदीहून?

वटपौर्णिमा महिन्यावर आली की आमच्या नाशिकमधल्या सातपूरच्या कंपनीत, कँटीनमध्ये, एक प्रश्न हमखास निघतो. विचारणारा पंढरीच्या वारीला पहिल्यांदा जाणारा असतो. रजा साठवलेली असते, घरची परवानगी अर्धीमुर्धी मिळालेली असते आणि टाळ कुणाकडून तरी मागून आणलेले असतात. यंदा हा प्रश्न धाकट्या मेव्हण्याने घरी येऊन विचारला. "दाजी, नाथांच्या पालखीत जाऊ का माउलींच्या?" चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहितो. मी ज्ञानेश्वर माउलींसोबत दोनदा पूर्ण चाललो आहे, नाथांसोबत म्हणजे निवृत्तिनाथांसोबत तीनदा. पाच वाऱ्यांनी काही अधिकार येत नाही. आमच्या दिंडीत चाळीस-चाळीस वाऱ्या झालेले बाबा आहेत, ते असल्या तुलनेला हसतात आणि बुक्का लावून पुढे जातात.

आधी रजेचं बघू, निम्म्या लोकांचा निकाल तिथेच लागतो. नाथांची पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास त्र्यंबकेश्वरहून निघते, माउलींची ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून. २०२५ साली नाथ १० जूनला निघाले, माउली १९ जूनला, आणि आषाढी एकादशी आली ६ जुलैला. म्हणजे इकडे सव्वीस-सत्तावीस दिवस, तिकडे अठरा. चाल इकडे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, तिकडे अडीचशेच्या आतबाहेर. ज्याची रजा अठरा-वीस दिवसांवर जात नाही त्याने फार विचार न करता आळंदी गाठावी. नाथांच्या पालखीला नगरला जाऊन मिळणारेही बरेच असतात, पण पहिल्या खेपेला मी ते सुचवणार नाही. नगरपर्यंत दिंडी एकमेकांत मुरलेली असते, आणि आपण मुरलेल्या लोणच्यात वरून टाकलेल्या फोडीसारखे कोरडेच राहतो.

रोजची चाल दोन्हीकडे सरासरी सारखीच वाटेल, पण पायांना सरासरी कळत नाही. माउलींकडे ती फार कमी-जास्त. पुणे ते सासवड बत्तीस किलोमीटर, त्यात दिवे घाट. आणि लोणंद ते तरडगाव जेमतेम आठ. शिवाय पुण्यात दोन रात्री, सासवडला दोन. फोड आले तर वाळायला सवड मिळते. नाथांकडे सवड कमी. सातपूर, नाशिक, पळसे, मग मोहदरी घाट चढून सिन्नरजवळ लोणारवाडी, पुढे खंबाळे, पारेगाव, गोगलगाव, राजुरी, बेलापूर, राहुरी, डोंगरगण, नगर. तिथून मिरजगाव, जेऊर, कंदर, करकंब करत पंढरपूर. रोज उठायचं आणि रोज तेवढंच चालायचं. माझे पाय पाचव्या दिवशी बोलायला लागतात आणि नवव्या दिवशी गप्प होतात. माउलींच्या वारीत ते शेवटपर्यंत अधूनमधून बोलत राहिले, कारण मध्ये विश्रांती मिळाली की त्यांना घर आठवतं.

घर आठवण्यावरून सांगतो. नाशिककरांसाठी नाथांच्या पालखीत एक फसवा खड्डा आहे. पहिले दोन-तीन मुक्काम आपल्याच गावात. सातपूरला पालखी थांबली तेव्हा माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. पहिल्या वर्षी मी "जरा आंघोळ करून येतो" म्हणून गेलो आणि पंख्याखाली झोपून गेलो. पहाटे काकडा सुरू झाल्यावर धापा टाकत परत आलो तर विणेकरी बाबा एवढंच म्हणाले, "आले का पाहुणे?" ते मला करकंबपर्यंत पाहुणेच म्हणत होते. तेव्हा नाशिकच्या माणसाने घराची किल्ली बायकोकडे देऊन निघावं आणि पळसे मागे पडेपर्यंत फोन बंद ठेवावा.

उन्हाचंही सांगायला हवं, नाहीतर मेव्हणा म्हणेल दाजींनी लपवलं. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर ढग टेकलेले असतात, आपण रेनकोट अंगात घालून निघतो. सिन्नर ओलांडलं की पाऊस मागे राहतो. राहुरी-नगरच्या पट्ट्यात तोच रेनकोट उशाला घेऊन भर दुपारी लिंबाखाली पडायची वेळ येते. एका वर्षी नगरच्या पुढे कित्येक दिवस आभाळातून थेंब नव्हता, आणि पार कंदरला केळीच्या बागा दिसल्या तेव्हा डोळ्यांना गारवा मिळाला. माउलींच्या वाटेवर दिवे घाटात भिजण्याची शक्यता जास्त. अर्थात तिकडेही रस्ता महामार्ग झाल्यापासून जुन्या वडांची सावली बरीच गेली आहे, त्यामुळे सावलीच्या बाबतीत कोणी कोणाला हसू नये.

आता माझं पारडं ज्याने झुकलं ती गोष्ट. ऐकून मेव्हणा हसला, कारण ती क्षुल्लक वाटते. माउलींच्या वारीत संध्याकाळी आपला ट्रक सापडत नाही.

दिवसा तिथे सगळं चोख असतं. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली या सोहळ्याला आजचं रूप दिलं, त्यातली शिस्त अजून टिकून आहे. रथापुढच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, रथामागच्या दिंड्यांचे ठरलेले. मध्येच पाणी प्यायला थांबलात तरी क्रमांक मोजत मोजत आपल्या दिंडीत परत जाता येतं. पण चाल संपते, पालखी तळावर पोचते आणि मग लाखो माणसं एका गावाच्या शिवारात आपापलं बिऱ्हाड शोधत फिरू लागतात. ज्या दिंड्यांना तळाजवळ जागा आहे त्यांचं ठीक. आमच्यासारख्यांचा ट्रक पोलिसांनी जिथे वळवला तिथे. कधी तळाच्या अलीकडे दोन किलोमीटर, कधी पलीकडे, कधी बायपासवर. फोन लागत नाही. एवढ्या माणसांत टॉवर तरी काय करणार. आणि बोचकं, अंथरूण, सुकं धोतर, भाकरी, सगळं त्या ट्रकमध्ये.

पहिल्या वर्षी लोणंदला मी अडीच तास फिरलो. वाल्ह्याहून वीस किलोमीटर चालून आलेला, नीरेत पाय बुडवलेले, अंगावर ओलं, वर भुरभुर. प्रत्येक ट्रकची नंबर प्लेट वाचत होतो. नाशिकचं एमएच १५ दिसलं की जीव हरखायचा, माहेरचं कुत्रं दिसल्यासारखा, आणि जवळ जाऊन बघावं तर निफाडची नाहीतर येवल्याची दिंडी. त्यांनी प्रेमाने "बसा माउली" म्हणावं आणि मी घाईने पुढे जावं. शेवटी परभणीकडच्या एका दिंडीने हाताला धरून पंगतीला बसवलं. पिठलं-भाकरी खाऊन त्यांच्याच पालात झोपलो. सकाळी कळलं, आमचा ट्रक आम्ही आलो त्याच रस्त्यावर मागे होता. संध्याकाळी मी त्याच्यासमोरूनच चालत आलो होतो.

परभणीकरांचं ते पिठलं मी जन्मभर विसरणार नाही, आणि वारीत असंच काही घडावं लागतं असं कोणी म्हटलं तर वाद घालणार नाही. पण हे एकदा झालं तर अनुभव, रोज झालं तर वैताग. फलटण, नातेपुते, वेळापूर, कुठे अर्धा तास तर कुठे दीड तास. चालून थकणं वेगळं, त्यात गोडवा असतो. चालणं संपल्यावर वणवण करून जो थकवा येतो त्याने हरिपाठही चुकतो आणि कीर्तनात डोळा लागतो. दुसऱ्या वर्षी मी शहाणपण केलं, पुढे गेलेल्या ट्रकबरोबर एका पोराला ठेवलं आणि तो तळाच्या तोंडाशी उभा राहायचा. त्या वर्षी पोरगाच हरवला.

नाथांकडे हा प्रश्नच येत नाही. माणसं हजारांत असतात, गावं छोटी. मुक्कामाचं गाव आलं की दिंडी मारुतीच्या देवळात, शाळेच्या ओट्यावर, कुणाच्या तरी वाड्यात ठरलेल्या जागी उतरते. वर्षानुवर्षं तीच जागा. गोगलगावला शिरताना एका लहान मुलीने मला न विचारताच सांगितलं, "तुमची दिंडी त्या पिंपळापाशी असते." पाय धुऊन, कपडे वाळत घालून, कीर्तनाला पुढच्या रांगेत बसायला वेळ उरतो. मला वारीतली संध्याकाळ अशी हवी असते. तुम्हाला कदाचित नसेल.

रिंगणाचंही तसंच. सिन्नरजवळ दातलीच्या रिंगणात अश्व माझ्यापासून दहा फुटांवरून गेला, त्याच्या टापांची माती अंगावर उडाली. माउलींच्या सदाशिवनगरच्या रिंगणात मी दोन्ही वर्षं पुढच्या माणसांचे खांदे पाहिले. तिथला जल्लोष मात्र पोटात घुमतो, तो दातलीला नाही.

आणि समाजआरती. ती माउलींकडेच बघावी. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळांचा कल्लोळ, चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सगळं शांत होतं. मग हरवल्या-सापडल्याच्या गोष्टी पुकारतात, कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. लोणंदच्या रात्री मी लांबून ऐकत होतो आणि मनात आलं, आपलंही नाव द्यावं: एक माणूस सापडला आहे, ज्या ट्रकचा असेल त्याने घेऊन जावा. गंमत सोडा, पण एवढ्या माणसांची ती शांतता नाथांच्या पालखीत नाही, आणि एकदा तरी ती अनुभवण्यासाठी आळंदीहून निघावं असं कोणी म्हणालं तर मी मान डोलावीन.

माझी थोरली बहीण आळंदीच्याच बाजूने बोलते. तिचं म्हणणं साधं आहे: बायकांना आधी संडास बघावा लागतो, अभंग नंतर. माउलींच्या वाटेवर फिरती शौचालयं, दवाखाने, टँकर, पायाला तेल लावणारे, यांची रेलचेल असते. नाथांच्या वाटेवर सोयी पूर्वीपेक्षा वाढल्यात, पण दोन गावांच्या मधल्या मोकळ्या माळावर अजूनही पंचाईत होते. तिच्या या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. साखरेचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसालाही मी आधी माउलींकडेच पाठवीन.

बाकी भिशी (दिंडीला द्यायची वर्गणी), जेवण, झोप यात फारसा फरक नाही. तो पालखीवर नसतो, दिंडीवर असतो. दिंडी मात्र ओळखीने निवडा. फलकावरची सोयींची यादी बघून निवडलेल्या एका दिंडीत मी दोन दिवस फक्त उपमा खाल्ला आहे.

एक गोष्ट तुलनेत धरावी की नाही मला ठरवता येत नाही, पण माझ्या मनात ती असते. निवृत्तिनाथ थोरले, ज्ञानोबांचे गुरू. थोरल्याची पालखी आपल्या दारावरून जाते, आधी निघते, जास्त चालते आणि गर्दी धाकट्याकडे जास्त असते. आमच्या घरातही थोरल्याचं साधारण असंच आहे. दशमीला पंढरपूरजवळ वाखरीला संतांच्या पालख्या एकत्र येतात तेव्हा मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. धूळ दोन्हीकडे सारखीच असते. फक्त नाथांच्या बाजूने उभा असताना मला आजूबाजूच्या निम्म्या माणसांची नावं ठाऊक होती.

मेव्हण्याने सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "दाजी, पहिल्यांदाच जातोय तर आळंदीच करतो." त्याला अठराच दिवस रजा मिळते आहे, तेव्हा ते बरोबरच आहे. मी त्याला ट्रकचा नंबर हातावर लिहायला सांगितला आणि ट्रकच्या टपावर लांब काठी बांधायला सांगितली. तिला भगवं काही लावू नकोस म्हटलं, सगळ्यांचं भगवंच असतं. माझ्या ताईने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा वावभर तुकडा फाडून दिला आहे.