ऑनलाइन पिक सेट घ्यावा की घरी बनवावा?
किल्लीशिवाय कुलूप उघडायचा पिक सेट ऑनलाइन मागवला, महिना झाला. सोबतचं पारदर्शक प्रॅक्टिस लॉक मस्तच, आत पिना कशा वर सरकतात ते डोळ्यांनी दिसतं, नवीन माणसाने त्यावरच शिकावं, पण पिक जाड आहेत आणि हूक, म्हणजे वाकड्या टोकाचा पिक, दुसऱ्याच आठवड्यात वाकला. त्यापेक्षा अंबडच्या मित्राने हॅक्सॉ ब्लेड घासून बनवलेला हूक कितीतरी भारी, साधारण ०.६ मिमी जाडी, फक्त घासताना सारखा पाण्यात बुडवायचा नाहीतर तापून स्टीलचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडतं. टेन्शनला, म्हणजे पिक चालवताना कुलूप हलकं फिरवून धरायला, जुन्या वायपरमधली स्टीलची पट्टी, भद्रकालीत भंगारात मिळाली, पिन बसलेली बोटाला लगेच कळते. दाराला लावलेल्या कुलपावर प्रॅक्टिस नको हां, स्प्रिंग खराब होते. सेटला ५ पैकी ३, तेही प्रॅक्टिस लॉकमुळे.