कवटी आणि मानेचा जोड सैल झालाय: कोणत्या ऑपरेशनला हो म्हणायचं?

चालताना पाय अडखळतात, शर्टाचं बटण लागत नाही, आणि एमआरआयमध्ये मानेचा सर्वांत वरचा, पहिला मणका दुसऱ्यावरून सरकून मज्जारज्जू दाबतोय असं दिसतं. अशा वेळी ऑपरेशन लांबवू नका. एकदा गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं. गावात कुणी ‘मान बसवून देतो’ म्हणालं तर मानेला हातही लावू देऊ नका, जीवावर बेतू शकतं.

आता ऑपरेशन कोणतं? घरचे विचारतात, पुढून की मागून. माझ्या मते त्याआधी विचारायचं ते हे: कोणते सांधे कायमचे जखडणार?

फक्त पहिला आणि दुसरा मणका मागून जोडता येत असेल तर तेच आधी तपासून बघावं. दोन्ही मणक्यांत दोन्ही बाजूंना स्क्रू बसवून ते पट्टीने किंवा रॉडने जोडतात. ही पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयातून डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली मांडली. २००१ मध्ये जर्मनीचे सर्जन हार्म्स यांनी तिचं रॉडचं रूप पुढे आणलं आणि ती जगभर रुळली. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं याच दोन मणक्यांत असतं, ते जातं. ट्रॅक्टर मागे घेताना अख्खं अंग वळवावं लागेल. पण मान होकारार्थी हलवणं बरंचसं शाबूत राहतं, कारण ते मुख्यतः कवटी आणि पहिल्या मणक्यात होतं. धोका असतो तो मणक्यातून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा. म्हणून आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, झाली का, हे विचाराच. कधी डोक्याच्या मागच्या भागाला बधिरपणा राहतो.

नुसत्या तारेने बांधायची जुनी पद्धतही आहे. मान वळते तेव्हा ती कमी पडते आणि नंतर महिनोन्‌महिने बाहेरून आधार लागतो. स्क्रू बसण्यासारखं हाड असताना एकट्या तारेवर समाधान मानू नये.

कवटीपासून मानेच्या मणक्यांपर्यंत जोडायचं ऑपरेशन जास्त हिरावून घेतं. वळणं तर जातंच, वर-खाली बघणंही आखडतं. वावरात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला, ढेकळांतून पाय टाकणाऱ्या माणसाला हे रोज जाणवतं. डोकं चुकीच्या कोनात जखडलं गेलं तर गिळायलाही त्रास होतो. तरी कवटीचा सांधाच ढिला असेल, किंवा क्षयाने, संधिवाताने पहिल्या मणक्याचं हाड खाल्लं असेल, तर बहुतेकदा हाच मार्ग उरतो. पहिला मणका जन्मतःच कवटीला चिकटलेला असेल तर तिथली हालचाल मुळातच नसते, म्हणजे तेवढं नुकसान धरायचं नाही.

तोंडातून जाऊन दुसऱ्या मणक्याचं वर आलेलं टोक काढणं हा तिसरा मार्ग. डोक्याला वजनाने ताण देऊन किंवा मागून सांधा मोकळा करूनही हाड जागेवर येत नसेल, तेव्हाच त्याचा विचार व्हावा. जखम तोंडात असते, जंतुसंसर्गाची भीती असते, काही दिवस नाकातल्या नळीने जेवण द्यावं लागतं. एवढं करूनही बहुतेकांना मागून स्क्रू लागतातच.

इथे आपल्याकडचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आडवा येतो. वर्षानुवर्षं खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांच्यात हा मार्ग जवळजवळ बंद होतो आणि भूल देणंही अवघड होतं. तंबाखूमुळे हाड जुळायलाही उशीर लागतो. स्क्रू तात्पुरते धरून ठेवतात, खरा जोड हाडाचाच, त्यासाठी कमरेच्या हाडाचे तुकडे तिथे भरतात. म्हणून तारीख मिळायची वाट न बघता खर्रा आजच सोडा. हाड जुळेपर्यंत डोक्यावर पराटीचा भारा नाही, पाठीवर फवारणीचा पंप नाही.

नागपूर, सेवाग्राम, सावंगी कुठेही दाखवा, पण असे रुग्ण नेहमी हाताळणारा सर्जन आहे का ते विचारा. भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन आणि स्क्रूचा खर्च बसतो का, याची खात्री करून घ्या.