सरकारी भरती, आखात, यूके की जर्मनी: दोन वर्षांच्या अनुभवानंतर नर्सने कुठे वळावं?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालंय, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं रजिस्ट्रेशन हातात आहे, खासगी रुग्णालयात दोनेक वर्षं काढली आहेत आणि आता पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी हे लिहिते आहे. मी खासगी आयसीयूत आणि नंतर सरकारी वॉर्डात काम केलंय. माझ्या बॅचमधल्या काहीजणी सौदीत, काही इंग्लंडमध्ये, काही जर्मनीत आहेत. त्यांच्याशी वर्षानुवर्षं झालेल्या बोलण्यातून माझं एक ठाम मत बनलंय: पगाराचे आकडे शेजारी मांडून निर्णय घेऊ नका. कुठलं दार वयामुळे आधी बंद होतं ते बघा आणि त्या क्रमाने प्रयत्न करा.

आहे तिथेच राहिलं तर काय, हे आधी बघू. पुण्या-मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयात नवीन सिस्टरला साधारण २० ते ३० हजार मिळतात. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने स्पष्ट शिफारस केली होती. २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयात पगार सरकारी नर्सइतका असावा, १०० खाटांच्या वर असेल तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी आणि ५० खाटांच्या आतल्या ठिकाणीसुद्धा किमान २० हजार. केरळच्या नर्सेसनी आंदोलन करून २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढायला लावली. आपल्याकडे ती शिफारस कागदावरच राहिली, याचा मला आजही संताप येतो. म्हणून खासगीतली पहिली दोन वर्षं शिकण्यासाठी घ्या, शक्यतो आयसीयू, डायलिसिस, ओटी (शस्त्रक्रियागृह) किंवा एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूत). त्यापुढे तिथे फक्त वय वाढतं.

सरकारी नोकरी

राज्याच्या सेवेत अधिपरिचारिका पदाला सातव्या वेतन आयोगाची ३५,४०० ते १,१२,४०० ही वेतनश्रेणी आहे. महागाई भत्ता आणि घरभाडं धरलं की सुरुवातच ६० हजारांच्या आसपास होते. केंद्राच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर लेव्हल ७ वर, म्हणजे ४४,९०० मूळ वेतनावर लागते आणि भत्ते धरून ८० हजारांच्या पुढे जाते. नागपूरला एम्स आहे, त्यामुळे महाराष्ट्र सोडावाच लागतो असं नाही. पण एम्सच्या नर्सिंग भरतीची नॉरसेट ही देशभराची परीक्षा आहे आणि पहिलं पोस्टिंग कुठेही मिळू शकतं.

आता वयाचं. नॉरसेटला खुल्या गटाची कमाल मर्यादा ३० वर्षं आहे, आरक्षित गटांना नियमाप्रमाणे सवलत. राज्याच्या भरतीत खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. शिवाय नॉरसेटला बीएस्सी झालेली मुलगी लगेच बसू शकते, जीएनएमवाल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे जीएनएम करून पंचविशीत आलेल्या मुलीकडे नॉरसेटसाठी फार वर्षं नसतात. वर्षातून साधारण दोनदा परीक्षा होते, पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत, आणि चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात.

इथे बऱ्याच मुली नोकरी सोडून क्लास लावतात. माझा त्याला विरोध आहे. दोन वर्षं घरी बसून यादीत नाव आलं नाही, तर परदेशाचीही वाट अवघड होते. आखातात आणि यूकेतही नोकरी देणारा अलीकडचा, सलग अनुभव विचारतो. पगार कमी असला तरी चालेल, पण ड्युटी सोडू नका. रजिस्टरवर नाव राहू द्या आणि अभ्यास रोज दोन तासांचा करा.

‘सरकारी’ या शब्दाखाली कंत्राटी पदंही येतात हे विसरू नका. राष्ट्रीय आरोग्य अभियानात स्टाफ नर्सला साधारण २० हजार मानधन मिळतं आणि करार दरवर्षी नव्याने होतो. आई-वडिलांना ‘मुलगी सरकारीत लागली’ म्हणून बरं वाटतं, पण कायम पद आणि कंत्राट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कामाचा ताणही आधीच सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. प्रत्यक्षात रात्री ४०-५० पेशंट, दोन सिस्टर, त्यातली एक ॲडमिशनच्या कागदांत अडकलेली. तरीही माहेर-सासर जवळ, सहा महिन्यांची प्रसूती रजा, मराठीत बोलणारे पेशंट आणि दर महिन्याला ठरल्या तारखेला पगार, याचं मोल मोठं आहे.

आखात

कर्ज फेडायचंय, घर बांधायचंय, तीन ते पाच वर्षांत परत यायचंय, असं पक्कं असेल तर आखात. इतर कुठल्याही देशापेक्षा इथे बचत लवकर होते, कारण पगारावर आयकर नाही आणि राहणं बहुतेक वेळा मालकाकडून असतं. सौदीच्या आरोग्य मंत्रालयाच्या भरतीत नर्सला साधारण ४,००० रियालच्या आसपास मिळतात, खासगीत कमी. नोकरी संपताना सौदी कायद्याने पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. पण स्वतः राजीनामा दिला आणि नोकरी दोन ते पाच वर्षांचीच असेल, तर त्याचा फक्त एक तृतीयांश मिळतो. हे करारावर सही करण्याआधी समजून घ्या.

परवान्यासाठी साधारण दोन गोष्टी लागतात, प्रोमेट्रिकची परीक्षा आणि डेटाफ्लोची कागदपत्र पडताळणी. परीक्षेला कुणी फारसं अडत नाही, अडतं ते डेटाफ्लोला. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव. परिषदेच्या प्रमाणपत्रावर तिसरंच काहीतरी, कारण ते लग्नाआधी काढलेलं. पडताळणीत ही तीन वेगवेगळी माणसं ठरतात. त्यामुळे राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह प्रमाणपत्र आणि परिषदेच्या नोंदीतली दुरुस्ती आधी करून घ्या. अनुभवाच्या पत्राचंही तसंच. लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग, खाटांची संख्या, सही, शिक्का आणि जिथे उत्तर येईल असा एचआरचा ईमेल हवा. पडताळणी करणारे त्या ईमेलवर लिहितात. तिथून उत्तर आलं नाही तर तुमची दोन वर्षं असून नसल्यासारखी.

जीएनएम आणि बीएस्सीचा फरक सौदीत उघड दिसतो. तिथे बीएस्सीला ‘स्पेशालिस्ट’ आणि डिप्लोमाला ‘टेक्निशियन’ असा दर्जा मिळतो, आणि पगारही त्याप्रमाणे. जीएनएमवाल्यांनी पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं आधी केली तर ती वाया जात नाहीत.

आखाताची कमजोर बाजू अशी की तिथे मुळं रुजत नाहीत. वर्षानुवर्षं काम केलं तरी सहसा कायमचं राहता येत नाही. नवरा-मुलांना नेण्याएवढा पगार सगळ्यांना नसतो.

यूके की जर्मनी

कायमचं जायचं, कुटुंब न्यायचं, असा विचार असेल तर खरी तुलना या दोन देशांची आहे.

यूकेची प्रक्रिया स्वच्छ आणि लिखित आहे. आधी इंग्रजीची परीक्षा: ओईटीमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी आणि लेखनात सी प्लस, किंवा आयईएलटीएसमध्ये ७ आणि लेखनात ६.५. मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची नर्सिंगची परीक्षा, तीही भारतातच देता येते. तिकडे पोचल्यावर ऑस्की, दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा, फी ७९४ पौंड. आपल्या मुली ऑस्कीत कौशल्यामुळे नापास होत नाहीत. ड्रेसिंग, इंजेक्शन, कॅथेटर हे त्यांनी इथे शेकडो वेळा केलेलं असतं. त्या अडकतात बोलून दाखवण्यात. औषध देण्याआधी पेशंटचं नाव आणि जन्मतारीख विचारा, हातपट्ट्यावर पडताळा, ॲलर्जी विचारा, चार्टवर सही आणि वेळ टाका, आणि हे सगळं तोंडाने म्हणत करा. आपल्याकडे वीस पेशंटच्या राउंडला या पायऱ्या गळतात आणि तीच सवय अंगात मुरते.

बँड ५ चा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या नव्या नर्सच्या श्रेणीचा, सुरुवातीचा वार्षिक पगार २०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये ३१,०४९ पौंड होता. कर, विमा आणि पेन्शन कापून महिन्याला हातात सुमारे २,००० पौंड येतात, आणि लंडनबाहेरसुद्धा एका खोलीला ५०० ते ७०० पौंड जातात. मोठी अडचण वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी तिथली रुग्णालयं तिकीट काढून नर्स नेत होती, आता परदेशी भरती खूपच आटली आहे. कायमच्या वास्तव्याचे नियमही कडक होत चाललेत. म्हणून आज कोरी सुरुवात करणाऱ्या मुलीला मी यूके सुचवणार नाही. ऑफर पत्र हातात असेल तर जरूर जा. तिथे काम केलेल्यांना एक फायदाही आहे. यूके किंवा आयर्लंडमध्ये नोंदणी असून २०१७ पासून १,८०० तास काम झालं असेल, तर ऑस्ट्रेलियाची नोंदणी २०२५ पासून बरीच सोपी झाली आहे.

जर्मनीत उलट आहे. नोकरी आहे, भाषा नाही. भाषेच्या पातळ्या ए १, ए २, बी १, बी २ अशा चढत जातात; व्हिसासाठी साधारण बी १ आणि नर्स म्हणून पूर्ण मान्यतेसाठी बी २ जर्मन लागतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुली याला घाबरतात, पण जर्मन सगळ्यांनाच शून्यापासून शिकायचं असतं, तिथे इंग्रजी माध्यमाचा फारसा तोरा चालत नाही. ड्युटी सांभाळून बी २ पर्यंत जायला वर्ष-दीड वर्ष धरा. तुमच्या अभ्यासक्रमाची तुलना करून तिथलं राज्य कमतरतांचं पत्र देतं. त्या भरून काढायला ज्ञान परीक्षा द्यायची किंवा अनुकूलन प्रशिक्षण करायचं. मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम आणि मदतनीसाचाच पगार. इथली इन्चार्ज सिस्टर तिथे पेशंटला अंघोळ घालते, जेवण भरवते. जर्मनीत ते नर्सिंगचंच काम मानतात आणि पूर्ण मान्यतेनंतरही ते सुटत नाही. हे मनाला पटत नसेल तर जाऊ नका.

मान्यता मिळाली की ३,२०० युरोच्या आसपासच्या पगारातून २,१०० ते २,२०० हातात येतात. तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, पण कराराच्या भरवशावर थांबू नका, भाषा आजच सुरू करा.

अमेरिकेचं एका ओळीत सांगते: तिथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा एनसीएलईएक्स मुंबईत देता येते, पण भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे.

मग माझ्या हिशोबाने क्रम असा. वय २८ च्या आत असेल तर नॉरसेट आणि राज्यभरती पहिली, सोबत जर्मन ए १, ए २. तिशी ओलांडली असेल आणि इथेच राहायचं असेल तर राज्यभरती, बाहेर जायचं असेल तर जर्मनी. डोक्यावर कर्ज असेल तर आधी आखात, पण तीन वर्षांची मुदत स्वतःला घालून, कारण ३८ ची मर्यादा तिथे बसून गाठली जाते.

कुठेही जा, परिषदेचं रजिस्ट्रेशन वेळेत नूतनीकरण करा आणि नूतनीकरणासाठी लागणाऱ्या सीएनईच्या (नोकरीतल्या पुढच्या नर्सिंग शिक्षणाच्या) तासांची नोंद जपून ठेवा. मूळ प्रमाणपत्रं कुठल्याही रुग्णालयात बाँडच्या नावाखाली जमा करू नका. एजंटकडे गेलात तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा परवाना आधी तपासा. कायद्याने त्याला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच शुल्क घेता येतं. त्याहून एक रुपया जास्त मागितला तरी पावती मागा, आणि पावती देत नसेल तर पासपोर्ट उचलून बाहेर या.