फ्लुका की फिस्पॅक्ट: उरलेली ॲक्टिव्हिटी काढायला काय घेऊ?

फ्लुका आणि फिस्पॅक्ट हे दोन कॉम्प्युटर कोड; किरणांच्या माऱ्यानंतर वस्तूत किती किरणोत्सार (ॲक्टिव्हिटी) उरतो ते त्यांनी काढता येतं. कोणता घेऊ, हा प्रश्न आला की मी आधी विचारतो, भूमिती (वस्तूंची मांडणी) महत्त्वाची आहे की आयसोमर (त्याच अणुकेंद्रकाची जास्त ऊर्जेची, काही काळ टिकणारी अवस्था)?

फ्लुकामध्ये बीम, टार्गेट, शिल्डिंग सगळं एकत्र मांडता येतं, इर्रॅडिएशन (मारा) आणि कूलिंग (मारा थांबल्यानंतरची वाट) यांचे टाइम दिले की त्याच रनमध्ये डोस रेटही मिळतो, ही फार मोठी सोय आहे. फिस्पॅक्ट-२ ला भूमिती कळतच नाही, न्यूट्रॉन स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेचे किती न्यूट्रॉन) तुम्हीच दुसऱ्या कोडमधून काढून द्यायचा, पण मग रन पटकन होतो.

आयसोमरचं मात्र नीट बघा. फ्लुकाची न्यूक्लियर मॉडेल्स ग्राउंड स्टेट (सर्वात कमी ऊर्जेची अवस्था) आणि आयसोमर वेगळे करत नाहीत, ढोबळमानाने दोघांत समान वाटणी धरता येते. फिस्पॅक्ट टेंडलसारख्या न्यूक्लियर डेटाच्या लायब्ररीतून दोघांचे क्रॉस सेक्शन (तयार होण्याची शक्यता) वेगवेगळे घेतो. फरक किती पडतो? चांदी-११० जेमतेम २५ सेकंदांत अर्धी होते आणि तिचाच आयसोमर ११०एम सुमारे २५० दिवस घेतो, म्हणजे वाटणी चुकली की कूलिंगनंतरचा आकडाच चुकला.

ॲक्सिलरेटरच्या बोगद्यात मेंटेनन्सला माणसं पाठवायची असतील तर फ्लुका घ्या. रिॲक्टर किंवा फ्यूजनच्या मटेरियलची इन्व्हेंटरी (त्यात कोणते किरणोत्सारी अणू किती, याची यादी), कचऱ्याचं वर्गीकरण असलं काम असेल तर फिस्पॅक्टच.