जुन्या पुस्तकांचं दुकान, काही महिन्यांनंतर: सगळं मस्त, फक्त ते स्टिकर आवरा

गेले काही महिने नवीन पुस्तक विकत घेणं जवळजवळ बंद केलंय, सगळी खरेदी जुन्या पुस्तकांच्या एकाच दुकानातून. अनुभव लिहायचा कधीपासून मनात होतं, पण आज बसले कारण डोकं तापलंय. कापडी बांधणीचं एक जुनं पुस्तक मिळालं, वरचं कागदी जॅकेट शाबूत, म्हणजे आधीच्या मालकाने किती जपलं असेल बघा, आणि दुकानाने बरोब्बर चित्राच्या मधोमध किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. हेअर ड्रायरने कोमट करून, प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने सोडवत आणलं तरी शेवटी खालचा रंग घेऊनच निघालं. पांढरा चट्टा पडलाय तिथे आता.

लॅमिनेशन असलेल्या पेपरबॅकवर स्टिकर लावा, काही म्हणणं नाही, ते निघतं. पण साध्या कागदावर तो गोंद आत मुरतो, काही वर्षांनी पिवळा तेलकट डाग होतो आणि तो मग कशानेच जात नाही. आतल्या पहिल्या कोऱ्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलने किंमत लिहायला असा किती वेळ लागतो? खोडता येते, बदलता येते, खर्च शून्य.

एवढी चिडचिड का, तर दुकान खरंच चांगलं आहे म्हणून. सुरुवातीला मी यादी घेऊन जायचे, मोबाइलवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टाकून शोधायचे आणि अर्ध्या वेळा हात हलवत परत यायचे. तेव्हा मी दुकानाला तीनच स्टार दिले असते. आता मत बदललंय. आयएसबीएन ही पद्धत आंतरराष्ट्रीय झाली १९७० मध्ये, त्याआधीच्या पुस्तकांवर तो नसतो, नंतरच्याही कित्येक पुस्तकांवर नाही, त्यामुळे नंबर टाकून शोधणाऱ्याला ही पुस्तकं दिसतच नाहीत. ती फक्त कपाटासमोर उभं राहून, मान वाकडी करून कणे वाचणाऱ्याला मिळतात. म्हणून हल्ली आधी मलपृष्ठावर बारकोड नसलेली पुस्तकंच काढून बघते. आणि नंबर दहा आकडी असेल तर प्रत बहुधा २००७ च्या आधीची, कारण तेव्हापासून तेरा आकडी झाला, आवृत्तीचं पान चाळायच्या आधीच एवढं कळतं.

घेण्याआधी काय बघायचं ते आता हाताला सवयीचं झालंय. कण्याला वरून बघा, पानांच्या घड्या दिसल्या तर बहुतेक दोऱ्याने शिवलेलं आहे, ते टिकतं. नुसतं गोंदाने चिकटवलेलं असेल तर जुना गोंद कडक होऊन पुस्तक उघडताना तडकतो आणि पानं सुटी. पानांचे नंबर सलग आहेत का हेही बघाच, कारण छपाई बऱ्याचदा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या जुडीत असते, आणि बांधताना एखादा फॉर्म राहिला की सोळा पानं एकदम गायब. पिवळ्या पानांना मी घाबरत नाही, लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद पिवळा पडणारच, पण कोपरा दुमडल्यावर तुटत असेल तर ठेवून द्या. आणि बुरशीचा वास आला तर फुकट दिलं तरी नको, घरातल्या बाकीच्या पुस्तकांना लागते.

आता सगळ्यात आवडलेली वस्तू. एक जाडजूड व्याकरणाचं पुस्तक, शेवटी भलंमोठं शुद्धिपत्र. कुणीतरी त्यातली प्रत्येक दुरुस्ती, अगदी ऱ्हस्व-दीर्घाचीसुद्धा, त्या त्या पानावर जाऊन बारीक पेन्सिलने करून ठेवलीय आणि शुद्धिपत्रात त्या ओळीपुढे टिक केलीय. इतकंच नाही, शुद्धिपत्रातलीच एक चूक सापडली तीही सुधारलीय! कोरी प्रत मला या प्रतीपुढे फुकट दिली तरी नको. एवढ्या वर्षांत पेन्सिलीने त्या कागदाला काही म्हणजे काही केलेलं नाही, हे दुकानदारांनी जरा बघावं.

तर तो चट्टा पडलेला जॅकेट घेऊन मी काउंटरवर गेले. काका म्हणाले, "ताई, पेन्सिलीची किंमत लोक खोडून स्वतःच दुसरी लिहितात." मुद्दा खरा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग मी म्हटलं की पुस्तकात एक कागदाची पट्टी घाला, किंमत आणि पुस्तकाचं नाव दोन्ही लिहून, आणि तुमच्या वहीत नोंद ठेवा. पैसे परत मागितले नाहीत, भांडायलाही गेले नव्हते, पण आवाज चढला थोडा. पुढच्या वेळी गेले तर कापडी बांधणीच्या कपाटात खरंच पट्ट्या! मनापासून आनंद झाला, तिथल्या तिथे दोन पुस्तकं जास्तीची घेतली.

पण परवा नवीन गठ्ठे आले त्यांच्यावर परत स्टिकर. विचारलं तर हे काम नवीन मुलाकडे दिलंय म्हणे, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मीच त्याला लॅमिनेशन असलेलं आणि नसलेलं पुस्तक हातात देऊन फरक दाखवला, त्याला लगेच कळलं. सध्या चार स्टार. जुने जॅकेट महिनाभर बिनस्टिकरचे दिसले की पाचवा देते.