एफएमजीई हुकल्यावर: पुण्याची अभ्यासिका, लातूरचा क्लास की हैदराबादचं कोडिंग?

एफएमजीई म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांना भारतात नोंदणीसाठी पास व्हावी लागणारी परीक्षा. तिच्यातले माझे चार अटेम्प्टचे मार्क असे आहेत: ११८, १३४, १३१, १४६. पास व्हायला ३०० पैकी १५० लागतात, म्हणजे मी अजून पास नाही. पास झालेल्या माणसाचा अनुभव वेगळा असेल. पण या मार्कांच्या मधल्या काळात मी तीन ठिकाणी राहून तीन वेगवेगळ्या गोष्टी केल्या. किर्गिझस्तानातल्या बिश्केकला माझ्यासारखीच शिकून परतलेली आमच्या उदगीर-अहमदपूरकडची पोरं निकालानंतर फोन करून विचारतात, "दादा, आता काय करू?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगतो ते इथे एकत्र लिहितोय.

निकालानंतर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सुचवतं की ओळखीच्या दवाखान्यात रात्रपाळीला बस, अनुभव मिळेल. हा पर्याय मी तुलनेत धरतच नाही. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी रात्री दोन वाजता छातीत दुखणारा पेशंट समोर येतो, तेव्हा केसपेपरवर सही कुणाची, हा प्रश्न उरतोच. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी, किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंट चांगलं आहे, पण त्यात आणखी दोन वर्षं आणि आणखी फी. घरावर शिक्षणाचं कर्ज असताना मला ते झेपलं नसतं.

पुण्याचं बहुतेकांना ठाऊक आहे. पेठेत कॉट, मेस, अभ्यासिकेतली नंबराची खुर्ची, ऑनलाइन लेक्चर. पहिल्या अटेम्प्टला मी परदेशातून आलो तसाच बसलो होतो आणि पीएसएमनं, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयानं, मारलं. तीस मार्कांचा विषय. लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, आशाताईंची कामं, यातलं काही बिश्केकमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. पुण्यात सहा महिने फक्त अभ्यास केला आणि ११८ वरून १३४ वर आलो. पूर्ण वेळ दिल्याचा फायदा होतो, हे मी नाकारणार नाही.

पण पुढच्या सहा महिन्यांना तेच परत सुरू करायचं म्हटलं की हात चालत नाही. अभ्यासिकेत आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले, डोस किंवा एक्स-रेवर बोलायला एक माणूस नाही. चौथ्या महिन्यापासून पान तेच, खुणाही त्याच, डोक्यात जात काही नव्हतं. महिन्याला तेरा-चौदा हजार घरून यायचे. ज्या वर्षी सोयाबीनला भाव नसतो त्या वर्षी ते पैसे मागताना कसं वाटतं, हे आमच्याकडच्या पोरांना सांगायला नको.

म्हणून तिसऱ्या अटेम्प्टच्या आधी लातूरला आलो. नीटच्या क्लासमध्ये बायोलॉजी. पैशाच्या दृष्टीनं लातूर सगळ्यात वरचढ, हे मान्य करावंच लागेल. मला पहिल्या महिन्यापासून पस्तीस हजार मिळाले. शिवाय घर जवळ, जेवण आपल्या चवीचं. शिकवायलाही आवडायचं. नेफ्रॉन फळ्यावर काढताना मागच्या बाकावरचं पोरगं मान वर करून बघायला लागतं, तो आनंद मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळाला नाही.

माझं बिनसलं ते एका फ्लेक्समुळे.

क्लासच्या कोपऱ्यावर मोठा फ्लेक्स लागला. त्यात ॲप्रन घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप असलेला माझा फोटो, कॉलेजात असताना मित्रानं काढलेला. खाली नावाआधी 'डॉ.' आणि नावापुढे 'एमबीबीएस'. मी संचालकांना म्हणालो, "सर, एवढं काढा. माझी नोंदणी झालेली नाही." ते शांतपणे म्हणाले, "सर, पालक डॉक्टर बघूनच ॲडमिशन घेतात." पुढच्या बॅचला नवीन फ्लेक्स आला, त्यावरही तेच.

ही गोष्ट किरकोळ वाटेल. मलाही पहिले पंधरा दिवस तशीच वाटली. मग एक दिवस औसा तालुक्यातले एक पालक सुट्टीनंतर थांबले. पिशवीतून बायकोचा थायरॉईडचा रिपोर्ट काढला, घडी उलगडून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डाक्टरसाहेब, गोळी वाढवावी का तेवढं लिहून द्या." टीएसएच किती आहे ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "मामा, मी लिहून देऊ शकत नाही, तुमच्या डॉक्टरांना दाखवा." त्यांनी रिपोर्ट परत घडी घालून ठेवला. त्यांना वाटलं मी भाव खातोय. असं आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. आणि दर बॅचमध्ये एक तरी पोर विचारायचं, "सर, तुम्ही एमबीबीएस आहात, मग दवाखान्यात का नाही?" सतरा वर्षांच्या लेकराला मी अर्धं खरं सांगायचो. ज्या वाटेवर मी अडकलोय त्याच वाटेला त्याला तयार करत होतो, आणि माझं नीट चाललंय असं त्याला वाटावं म्हणून तो फोटो लटकत होता. रात्री पुस्तक उघडलं की दिवसभरातली ती उत्तरं आठवायची. मार्क १३१ आले, पुण्यापेक्षा तीन कमी.

सगळ्याच क्लासमध्ये असं असेल असं नाही. लातूरला शिकवत शिकवत परीक्षा काढलेले लोकही असतील. पण नीटचं बायोलॉजी म्हणजे एनसीईआरटीची ओळ न् ओळ. त्यात क्लिनिकलचं काही टिकत नाही, उलट डोकं बारावीत जाऊन बसतं, असा माझा तरी अनुभव आहे.

तिसरी वाट हैदराबादच्या मेडिकल कोडिंगची. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या पेशंटच्या नोंदी वाचून त्यांना आजारांचे, प्रोसिजरचे कोड लावायचे; त्यावर तिकडे विम्याचं बिल निघतं. त्यासाठीची सीपीसी ही प्रमाणपत्र परीक्षा असते; तिला चार तासांत शंभर प्रश्न, पास व्हायला सत्तर टक्के. ॲनाटॉमी-पॅथॉलॉजी झालेल्याला अवघड नाही, तीन महिन्यांत होते. मात्र अनुभव नसला तर प्रमाणपत्रावर सुरुवातीला 'ए' अक्षर लागतं, म्हणजे शिकाऊ. तसाच पगारही, मला एकोणीस हजार मिळाले. लातूरच्या जवळजवळ निम्मे. काम अमेरिकेचं म्हणून घरच्यांना रात्रपाळीची भीती होती. माझी पाळी पहिल्यापासून दिवसाची आहे, कारण कुणाशी फोनवर बोलायचंच नसतं. उदगीरहून हैदराबाद पुण्यापेक्षा पुष्कळ जवळ. आजोबांच्या काळी आमच्याकडचे लोक मोठ्या कामाला तिकडेच जायचे.

या कामाचा जाचही आहे. रोजचा चार्टचा आकडा गाठायचा, अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, दर ऑक्टोबरला कोड बदलतात, संध्याकाळी डोळे आणि पाठ बोलतात. आणि डॉक्टरकी शिकलेल्या माणसाला सगळ्यात खुपणारी गोष्ट: कळतं ते लिहायचं नाही, लिहिलंय तेवढंच धरायचं. एकदा सदुसष्ट वर्षांच्या बाईंचा चार्ट आला. डायबेटिस, ब्लडप्रेशर, आणि सहा-सात महिन्यांतल्या तीन तपासण्यांत क्रिएटिनिन दोनच्या वर. किडनी गेलीय हे मला दिसत होतं. पण डॉक्टरांनी तसं निदान लिहिलेलं नव्हतं. लॅबच्या आकड्यावरून कोडरनं निदान लावायचं नसतं. त्यामुळे ई११.९ (साधा डायबेटिस) आणि आय१० (साधं ब्लडप्रेशर), संपलं. किडनीचा आजार लिहिलेला असता तर त्याच दोन आजारांचे किडनीसह असलेले कोड, ई११.२२ आणि आय१२.९, झाले असते, सोबत एन१८ मधली किडनीच्या आजाराची स्टेज.

पहिले दोन महिने याचा राग यायचा. मग मी एक वही केली. चार्टमध्ये डॉक्टरांनी लिहिलेलं नाही पण मला विचारावंसं वाटतं, ते रात्री त्या वहीत. पेशंटचं नाव-गाव काही नाही, नुसता प्रश्न. त्या प्रश्नावरून धडा उघडायचा. त्या बाईंमुळे मी डायबेटिक नेफ्रोपॅथी जशी वाचली तशी पुण्यात तीनदा वाचून बसली नव्हती. पीएसएम मात्र तिकडच्या चार्टमध्ये नावालाही नाही, त्याला रविवार ठेवलाय. मार्क १४६ आले.

एका माणसाच्या चार मार्कांवरून नियम काढता येत नाही, हे मला कळतं. चौथ्या वेळेला वाचन साचलेलं असतंच. तुमचे १४० च्या वर असतील आणि घरून सहा महिने निभत असतील, तर पुणे एकदा जरूर करा, फक्त सलग दुसऱ्यांदा नको. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतला असेल तर परदेशात शिकलेल्यांसाठीच्या नव्या नियमांतली दहा वर्षांची मर्यादा आधी वाचा, तुमच्याकडे माझ्याइतका वेळ नसेल. १४० च्या खालचे मार्क असतील, कर्ज डोक्यावर असेल, तर मी हैदराबादकडे बोट दाखवेन. पास झाल्यावरही इंटर्नशिपची जागा मिळेपर्यंत महिने जातात, तेव्हा पगार चालू असलेला बरा. ऑफिसात मला सगळे नावानं हाक मारतात. गावी गेलो की अजून विचारतात, "डाक्टर, दवाखाना कवा टाकायलाव?" तेव्हा सांगतो की परीक्षा राहिलीय, जानेवारीत आहे. तेवढं सरळ सांगता येतं.

आणि पैशासाठी लातूरच घ्यायचं ठरलं, तर रुजू होण्याआधी पगाराच्या बरोबरीनं एक गोष्ट विचारून घ्या: जाहिरातीत नावाआधी आणि नावापुढे काय लावणार. फोटो तुम्हीच द्या, ॲप्रनशिवायचा.