हाताने थापलेली कच्ची वीट की यंत्राने दाबलेली मातीची वीट?

शेतात दोन खोल्यांचे मातीचे घर बांधायचे ठरले की निवड दोन विटांत असते. एक म्हणजे चिखलात भुसा तुडवून, साच्यात थापून उन्हात वाळवलेली कच्ची वीट. दुसरी म्हणजे मातीत थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेली, न भाजलेली वीट. बहुतेक जण आधी दर विचारतात. माझ्या मते आधी माती तपासावी, कारण या दोन विटांना लागणारी माती एकच नव्हे.

कच्ची वीट चिकणमातीच्या जोरावर उभी राहते. दाबलेल्या विटेला मात्र रेती भरपूर, साधारण दोन तृतीयांश लागते आणि चिकणमाती 10 ते 15 टक्केच पुरते, कारण सिमेंट रेतीचे कण चांगले सांधते. काळी माती दोन्हींना वर्ज्य समजावी. ती ओलीने फुगते आणि वाळताना भेगाळते. शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणणाऱ्या आपल्या जुन्या भाषेतच हा भेद नोंदलेला आहे, आणि देशावरच्या गढ्यांच्या भिंतींना पांढरी मातीच वापरलेली दिसते.

मातीची पहिली परीक्षा काचेच्या बरणीत होते. एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून बरणी जोराने हलवावी. रेती मिनिटभरात तळाशी बसते, चिकणमातीचा गढूळपणा निवळायला मात्र एक दिवस किंवा अधिकही लागतो. मग थर मोजून प्रमाण काढता येते.

कच्च्या विटेसाठी आयएस 13827 या भारतीय मानकातील चाचणी कोणत्याही अंगणात करता येते. ओल्या मातीच्या सुमारे दोन सेंटिमीटरच्या पाच-सहा गोळ्या वळून 48 तास वाळवाव्यात आणि प्रत्येक गोळी अंगठा व तर्जनीत धरून जोर लावून दाबावी. एकही फुटली नाही तर चिकणमाती पुरेशी आहे. एखादी भुगा होऊन बोटांवर सांडली तर नाही. तयार वीट चार आठवडे वाळली की ती दोन टेकूंवर आडवी ठेवून तिच्यावर 60-70 किलो वजनाच्या माणसाने उभे राहावे. ती मोडली तर चिकणमाती आणि भुसा वाढवावा.

दाबलेल्या विटेची खरी कसोटी पाण्यात लागते. दोन्ही प्रकारची एकेक वीट रात्रभर बादलीत ठेवली तर सकाळी कच्चीचा तळाशी चिखल झालेला असतो आणि दाबलेली, मिश्रण नीट जमले असेल तर, कडांसकट शाबूत निघते. या गुणाची किंमत हिशेबात धरावी. 230 × 190 × 100 मिलिमीटरची वीट साधारण आठ किलोची असते. सिमेंट सात टक्के धरले तर 50 किलोच्या गोणीत जेमतेम 90 विटा होतात. शिवाय त्या दोन-तीन आठवडे ओल्या ठेवाव्या लागतात, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची सोय हवी.

भूकंपाचा विचार टाळता येत नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपात प्रामुख्याने चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड धाबी कोसळली. पण त्यामुळे कच्ची वीट आपोआप सुरक्षित ठरत नाही. वरील मानकानुसार भिंतीची उंची जाडीच्या आठपटीपेक्षा जास्त नसावी. म्हणजे 40 सेंटिमीटरच्या भिंतीला कमाल 3.2 मीटर. छप्पर हलके हवे आणि चारही भिंतींना बांधणारा आडवा पट्टा हवाच.

कोकणात आणि मावळात, जिथे पाऊस आडवा मारतो, तिथे मी कच्ची वीट सुचवणार नाही. दाबलेली वीट घ्यावी, किंवा कोकणात जवळ जांभा मिळत असेल तर तोच. सोलापूर-बीडसारख्या कमी पावसाच्या भागात, घरचे हात असतील तर, कच्ची वीट निःशंक निवडावी, मात्र दगडी जोते हात-दीड हात उंच घ्यावे आणि छपराची वळचण भिंतीपासून चांगली पुढे काढावी. मला स्वतःला पटलेला मार्ग या दोहोंमधला आहे: जोत्यावरचे पहिले तीन-चार थर दाबलेल्या विटांचे, वर सगळी कच्ची वीट. थापणी जानेवारीत सुरू करावी, म्हणजे विटा वाळून, भिंती चढून मृगाआधी छप्पर घालून होते.